जमिनीखालचा संडास

रोवणीच्या दिवसांत सिंदेवाही तालुक्यात पाणी शोधावे लागत नाही. बांध्या भरलेल्या असतात, बोड्या आणि मामा तलाव काठोकाठ असतात, आणि वैशाखात दोर पुरत नव्हता अशा विहिरींचे पाणी काठाजवळ आलेले असते. चंद्रपूर जिल्ह्याच्या या पूर्व भागात वर्षाला साधारण १३०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. धानाला हे पाणी हवेच. संडासाची खरी परीक्षाही याच पाण्यात होते. गवंड्याने मे महिन्यात ठणठणीत कोरड्या जमिनीत खणलेला खड्डा ऑगस्टमध्ये पाण्यात उभा असतो. त्या वेळी खड्ड्यातले पाणी आणि शेजारच्या विहिरीतले पाणी एकाच पातळीवर, एकाच मातीत असते.

संडासाबद्दल आपण बोलतो तेव्हा जमिनीवरच्या भागाबद्दल बोलतो. भिंती, पत्रे, दार, भांडे, दारावर रंगवलेले लाभार्थ्याचे नाव, अनुदानाचे १२,००० रुपये. पाहणीला आलेला माणूस याच भागाचा फोटो काढतो. घरातल्या लेकरांना जुलाबापासून आणि जंतांपासून वाचवणारा भाग मात्र जमिनीखाली असतो, आणि तिथे काय बांधले आहे हे बहुतेक वेळा घरमालकालाही नीट माहीत नसते. या प्रकरणात मी मुख्यतः त्या खालच्या भागाविषयी लिहिणार आहे, कारण गरिबाचा पैसा तिथेच वाया जातो आणि त्याचे आरोग्यही तिथेच ठरते.

विदर्भाला हा विषय नवा नाही. गाडगेबाबा खराट्याने गाव झाडत फिरले ते याच मातीतून. १९४२ च्या चिमूरच्या उठावानंतर ज्यांना तुरुंगात टाकले गेले, ते तुकडोजी महाराज ग्रामगीतेत ग्रामशुद्धी आणि ग्रामआरोग्यावर स्वतंत्र अध्याय लिहितात. चिमूर सिंदेवाहीच्या शेजारचा तालुका. स्वातंत्र्याच्या आगेमागे विनोबा पवनारहून जवळच्या सुरगावात रोज खांद्यावर फावडे घेऊन जात आणि गावाचा मैला मातीआड करत. तिकडे कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात मैल्याचे सोनखत करणारे संडास स्वतः वापरून, स्वतः उपसून दाखवले. पुढे २००० साली राज्याने गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. केंद्राचे संपूर्ण स्वच्छता अभियान, निर्मल ग्राम पुरस्कार आणि २०१४ पासून स्वच्छ भारत मिशन हे सारे आपण पाहिले आहे. २०१८ मध्ये ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. घराघरांत चार भिंती उभ्या राहिल्या, हे काम लहान नव्हते. पण विनोबांनी आणि अप्पासाहेबांनी हातात घेतलेला प्रश्न, की मैला शेवटी जातो कुठे आणि तो कोण हाताळतो, तो भिंतींनी सुटला नाही.

मैला उघड्यावर राहिला तर नेमके काय होते, हे आधी पाहू. जुलाब, कावीळ, विषमज्वर यांची ओळख सगळ्यांना आहे. धानाच्या मुलखात त्याहून चिवट आणि मुकाट्याने वावरणारा एक शत्रू आहे, आकडेकृमी. बाधित माणसाच्या विष्ठेतून त्याची अंडी जमिनीवर पडतात. ओलसर, उबदार, सावलीची माती मिळाली की एक-दोन दिवसांत अंड्यातून अळी निघते आणि आठवडाभरात ती माणसाच्या कातडीतून आत शिरण्याजोगी होते. अनवाणी पावलाच्या बोटांच्या बेचक्यातून ती शिरते. तिथे थोडी खाज येते, आणि चिखलात काम करणाऱ्या बाईला त्या खाजेचे काय नवल? मग रक्तातून फुप्फुसात, तिथून घशात, गिळली गेली की आतड्यात. आतड्याच्या आतल्या कातडीला चिकटून ती वर्षानुवर्षे रक्त पिते. पूर्ण पाण्याखाली बुडालेल्या चिखलात ही अळी फारशी टिकत नाही. बांधीचा धुरा, झुडपाखालची ओल, तलावाच्या पाळीची सावली तिला मानवते. आडोसा म्हणून माणूसही नेमकी तीच जागा निवडतो. सकाळी जिथे बसायचे, तिथूनच दुपारी रोवणीला अनवाणी चालत जायचे. चंद्रपूर-गडचिरोलीत सिकलसेलचे रुग्ण आधीच बरेच आहेत, बाळंतपणात रक्त कमी पडण्याची भीती घराघरांत आहे. अशा शरीरातून रोज थोडे थोडे रक्त जात राहणे म्हणजे काय, हे इथल्या आशाताईंना वेगळे सांगावे लागत नाही.

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत शंभर वर्षांपूर्वी हेच घडत होते. तिथल्या कापूसपट्ट्यातली गरीब, अनवाणी माणसे आळशी म्हणून हिणवली जात. १९०९ मध्ये रॉकफेलरच्या पैशाने तिथे आकडेकृमीविरुद्ध मोहीम सुरू झाली आणि कळले की तो आळस नव्हता, रक्तक्षय होता. औषधाने जंत पडत, पण माती तशीच राहिली की माणसाला ते पुन्हा होत. म्हणून त्या मोहिमेने औषधाबरोबर खड्ड्याच्या संडासाचाही आग्रह धरला. शाळेत जंताची गोळी वाटून आपण आज निम्मेच काम करतो. उरलेले निम्मे खड्ड्याने करायचे असते.

तो खड्डा काम कसे करतो? योग्य बांधलेला शोषखड्डा तसा लहान असतो: साधारण एक मीटर रुंद आणि मीटर-सव्वा मीटर खोल. आत विटांची गोल जाळीदार बांधणी, म्हणजे विटांमध्ये फटी ठेवलेल्या. वरचा एखादा फूट मात्र सलग बांधतात, तळाला काँक्रीट नसते, वर घट्ट झाकण. पाणी आणि लघवी त्या फटींतून मातीत झिरपते. मातीतले जीवाणू त्या पाण्यातली घाण खातात आणि आजाराचे बरेचसे जंतू मातीच्या पहिल्या काही फुटांतच अडकतात, मरतात. वायू मातीतच जिरतो, म्हणून शोषखड्ड्याला उंच पाइपाची गरज नसते. घट्ट भाग खाली राहतो, कुजतो, दबतो. एका माणसामागे वर्षाला सुमारे ४० ते ५० लिटर गाळ साठतो. पाच माणसांच्या घरात वर्षाचे २०० ते २५० लिटर. एक मीटर रुंद खड्ड्यात मीटरभर खोलीची जागा धरली तर ती सुमारे ७८० लिटर भरते. म्हणजे असा खड्डा तीन-चार वर्षे सहज पुरतो.

असे खड्डे दोन हवेत. भांड्यातून येणारा नळ एका छोट्या वाय चेंबरमध्ये येतो आणि तिथून दोन फाटे फुटतात. एक फाटा विटेने बंद, दुसरा चालू. पहिला भरला की वीट काढून दुसऱ्या फाट्यात लावायची. दुसरा भरेपर्यंत पहिल्याला तीन वर्षांची विश्रांती मिळते. दोन वर्षांतच आतले बहुतेक जंतू आणि जंतांची अंडी मरतात आणि मैल्याची माती होते: काळसर, भुरभुरीत, वास नसलेली. आपल्या हवामानात दीड-दोन वर्षांची ही मुदत पुरते, मात्र विश्रांती खरी हवी. वाय चेंबरमधली वीट नीट बसली नसेल, किंवा दोन खड्डे एकमेकांना चिकटून असतील आणि चालू खड्ड्याचे पाणी बंद खड्ड्यात झिरपत असेल, तर हिशेब फसला. म्हणून दोन खड्ड्यांमध्ये निदान एका खड्ड्याच्या खोलीइतके अंतर ठेवतात. न्हाणीचे पाणी या खड्ड्यात सोडत नाहीत. भांडेही तीव्र उताराचे, २५ ते २८ अंशांचे हवे, म्हणजे दीड-दोन लिटर पाण्यात ते साफ होते. शहरातले पसरट भांडे आणले तर बादलीभर पाणी लागते, आणि उन्हाळ्यात हातपंपावरून हंडा आणणारी बाई ते पाणी किती दिवस ओतेल? मग संडासाला कुलूप लागते आणि त्यात सरपण भरले जाते.

आता इथल्या मातीकडे वळू. सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी, मूल या पट्ट्यात खाली जुना कठीण खडक आहे आणि त्यावर कुठे जाड, कुठे पातळ मातीचा थर. शेतकरी तिला नावाने ओळखतो: कन्हार, मोरंड, खर्डी, बर्डी, रेताड. धानाला कोणती चांगली हे तो डोळे मिटून सांगेल. खड्ड्यासाठी हेच ज्ञान लागते, पण शौचालयाच्या कामात ते त्याला कुणी विचारत नाही. कन्हारीसारख्या चिकण मातीत पाणी जिरत नाही, खड्डा पावसाळ्यात तुंबतो आणि भांड्यात पाणी वर येते. रेताड जमिनीत पाणी झटक्यात जाते, इतके झटक्यात की मातीला जंतूंना अडवायला वेळच मिळत नाही. जिथे पातळ मातीखाली लगेच भेगाळ खडक लागतो तिथे तर भेगेतून घाण थेट विहिरीच्या झऱ्यात जाऊ शकते. सगळ्यांना एकच नकाशा देणे ही या कार्यक्रमातली मोठी चूक आहे, असे माझे ठाम मत आहे.

पाणी वर येणाऱ्या जागेसाठी उपाय आहेत आणि ते महागही नाहीत. खड्ड्याचा तळ पावसाळ्यातल्या सर्वांत वरच्या पाण्यापासून निदान दोन मीटर वर असला तर उत्तम. तितकी जागा नसेल तर खड्डा जमिनीत कमी आणि जमिनीवर जास्त बांधायचा, भोवती मातीचा भराव घालून उंच करायचा. भांडेही त्याच मापाने उंचावर. रेताड जमिनीत खड्ड्याचा तळ बंद करायचा आणि भोवती अर्धा मीटर जाडीचा बारीक रेतीचा वेढा द्यायचा, म्हणजे माती जे करू शकत नाही ते रेती करते. विहीर, बोअर, हातपंप दहा मीटर तरी दूर. यातली कोणतीही गोष्ट ठरवण्याआधी एकच प्रश्न विचारायला हवा: पोळ्याच्या सुमारास तुमच्या विहिरीत पाणी किती हातांवर असते? खणायचे मे महिन्यातच, पण माप ऑगस्टचे धरायचे.

या काळजीमागचे दुसरे कारण नायट्रेट. जंतू मातीत अडकतात, नायट्रेट अडकत नाही. ते पाण्याबरोबर खाली जाते. युरियातूनही ते येते, खड्ड्यातूनही येते. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. त्यापुढे तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होऊ शकते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या अनेक गावांत भूजलात फ्लोराइडही आहे. ज्या गावाला नळाचे सुरक्षित पाणी मिळते, तिथे खड्ड्याचा धोका आपोआप कमी होतो. पाणी योजना आणि शौचालय हे दोन विभागांचे दोन विषय असले तरी जमिनीखाली ते एकच आहेत.

इतका साधा, स्वस्त, सिद्ध खड्डा असताना लोक दहा-दहा फूट खोल टाक्या का बांधतात? कर्ज काढून, बचत गटाचे पैसे घालून बांधतात. तांत्रिक अज्ञान हे त्याचे अर्धेच उत्तर. उरलेल्या अर्ध्याचे नाव जात. खड्डा भरला तर उपसणार कोण, ही भीती आहे. २०१४ मध्ये उत्तर भारतातल्या काही राज्यांत झालेल्या मोठ्या पाहणीवरून संशोधक डियान कॉफी आणि डीन स्पिअर्स यांनी हेच मांडले: लोक लहान खड्ड्याचा संडास नाकारतात, कारण मैला उपसणे हे त्यांच्या मनात एका विशिष्ट जातीचे काम असते. आपल्याकडे ही भावना नाही असे कुणी म्हणू नये. बारा-पंधरा वर्षे भरणार नाही अशी टाकी बांधणे म्हणजे तो प्रश्न पुढच्या पिढीवर ढकलणे आहे.

या प्रश्नाची दुसरी बाजूही आहे आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. गावकीची लादलेली कामे, मेलेले ढोर ओढणे, हे सारे ज्यांनी ठरवून सोडले त्यांची लेकरे-नातवंडे या तालुक्यांत राहतात. अशा घरातल्या बाईला जाऊन ‘खड्डा स्वतः उपसा’ म्हणताना आपण काय म्हणतो आहोत याचे भान हवे. तिचा संशय रास्त आहे. त्याला उत्तर एकच: हे काम कुणा एका समाजाचे राहता कामा नये आणि त्यात मैला राहता कामा नये. दोन खड्ड्यांच्या पद्धतीने दुसरी गोष्ट साधते. पहिली साधायला सरपंचाने, गुरुजींनी, पाटलाने आपल्या घरचा खड्डा आपल्या हाताने रिकामा करायला हवा. फेब्रुवारी २०१७ मध्ये तेलंगणातल्या गंगादेवीपल्ली गावात केंद्राच्या स्वच्छता विभागाचे सचिव परमेश्वरन अय्यर स्वतः खड्ड्यात उतरले आणि त्यांनी खत बाहेर काढले. एका सचिवाने एकदा केले म्हणून गावे बदलत नाहीत. पण सिंदेवाहीला धानाचे संशोधन केंद्र आहे, कृषी विज्ञान केंद्र आहे. दोन वर्षे विसावलेल्या खड्ड्यातले खत तिथे तपासले गेले, फळझाडांच्या आळ्यात घालून शेतकऱ्यांना दाखवले गेले, तर त्याचा परिणाम भिंतीवरच्या घोषणेपेक्षा किती तरी जास्त होईल.

खोल टाकीचे धोके बोलून दाखवलेच पाहिजेत. ज्याला आपण सेप्टिक टँक म्हणतो त्यातून बाहेर पडणारे पाणी स्वच्छ नसते. त्यात जंतू जिवंत असतात, म्हणून त्या पाण्याला स्वतंत्र शोषखड्डा लागतो. खर्च वाचवण्यासाठी तो वगळला जातो आणि टाकीचा पाइप उघड्या नालीत सोडला जातो. नाली बोडीत जाते, बोडीत म्हशी डुंबतात आणि पोरे पोहतात. गाव कागदावर हागणदारीमुक्त आणि मैला पाण्यावाटे सगळ्यांच्या दारात. दुसरा धोका जिवाचा. बंद टाकीत प्राणवायू नसतो, हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन असतात. आत उतरलेला माणूस काही क्षणांत कोसळतो, त्याला काढायला उतरलेला दुसराही कोसळतो. २०१३ च्या कायद्याने हाताने मैला उपसायला आणि संरक्षणाविना टाकीत उतरवायला बंदी आहे. अशा मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १० लाख ठरवली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ३० लाख केली. टाकीत माणूस उतरवायचाच नाही, ही गोष्ट मात्र गावातल्या प्रत्येक घरमालकाला अजून ठाऊक नाही.

आता एक अवघड प्रश्न. संडास बांधल्याने मुले खरोखर निरोगी होतात का? ओडिशातल्या पुरी जिल्ह्यात १०० गावांत झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. निम्म्या गावांत संडास बांधले गेले, संडास असलेल्या घरांचे प्रमाण ९ टक्क्यांवरून ६३ टक्क्यांवर गेले, आणि जुलाब कमी झाले नाहीत. उलट महाराष्ट्र शासनाने २००४ च्या सुमारास अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, केलेल्या प्रयोगात गावाने मिळून उघड्यावर जाणे सोडण्यावर भर होता आणि तिथल्या मुलांची उंची तुलनेच्या गावांपेक्षा सेंटिमीटरच्या आसपास अधिक भरली. दोन अभ्यासांवरून शेवटचा निकाल देता येत नाही. पण एवढे कळते की जंतू घराची सीमा मानत नाहीत. माझ्या घरी संडास आहे आणि शेजारची तीन घरे तलावाच्या पाळीवर जातात, तर माझी मुलगी त्या पाळीवरूनच शाळेत जाते. पूर्ण वस्ती आत यावी लागते, म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट आणि तान्ह्या बाळाच्या लंगोटासकट. बाळाची शी निरुपद्रवी असते हा समज घातक आहे. तीही भांड्यातच गेली पाहिजे.

या मुलखात संडासाला आणखी एक कारण आहे, जे देशात फार थोड्या ठिकाणी असते. सिंदेवाहीचे जंगल ब्रह्मपुरी वनविभागात येते आणि इथले वाघ ताडोबाच्या हद्दीबाहेर, गावांच्या शेजारी राहतात. उकिडवा बसलेला किंवा वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही, लहान जनावर वाटतो. मोहफूल वेचताना आणि तेंदूपत्ता तोडताना माणसे सापडतात त्यामागे हेच सांगितले जाते. झुंजूमुंजू होताना डबा घेऊन झुडपाआड बसणारी बाईही त्याच धोक्यात असते. त्यात पावसाळ्यात मण्यार आणि घोणस. म्हणून इथे संडास रात्रीही वापरता आला पाहिजे: आत दिवा, दाराला आतून कडी, आणि तो मागच्या जंगलाच्या कडेला नव्हे, तर घराला लागून. विहिरीपासूनचे अंतर पाळताना पुष्कळदा संडास वाडीच्या टोकाला ढकलला जातो आणि मग संध्याकाळनंतर कुणी तिकडे फिरकत नाही. भांडे घराजवळ ठेवून नळाने खड्डा दूर नेता येतो, इतकी सोपी गोष्ट कामाच्या घाईत सुचवली जात नाही.

ज्यांच्याकडे आज एकच खड्डा आहे, त्यांच्यासाठी स्वच्छ भारत मिशनच्या २०२० पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात एका खड्ड्याचे दोन करण्याची तरतूद आहे. ग्रामसभेत मागायची गोष्ट ती आहे. नवा खड्डा, वाय चेंबर आणि दोन फाटे एवढेच काम असते. पहिला खड्डा पूर्ण भरण्याआधी ते झाले तर कुणालाही ताज्या मैल्याला हात लावावा लागत नाही. ज्यांच्या टाकीचा पाइप नालीत आहे, त्यांनी त्याला शोषखड्डा जोडून घ्यायचा.

राहिली ती घरे ज्यांना वाडीच नाही. सिंदेवाहीसारख्या नगर पंचायतीच्या दाट वस्तीत, गावठाणाच्या अरुंद बोळीत दुसऱ्या खड्ड्याला जागा नसते. तिथे टाकी राहणारच, आणि भुयारी गटार अशा छोट्या गावांच्या आवाक्याबाहेरचे आहे. त्यांनी पाहावे ते सातारा जिल्ह्यातल्या वाईकडे आणि नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरकडे. या दोन नगरपरिषदांनी २०१८ च्या सुमारास ठरावीक वेळापत्रकाने टाक्या उपसायला सुरुवात केली. टाकी तुंबून घरमालकाने बोलावण्याची वाट न पाहता दर तीन वर्षांनी उपसा गाडी दारात येते, पैसे करातून जातात, आणि उपसलेला गाळ प्रक्रिया केंद्रात नेला जातो. गाळ तीन वर्षांत निघाला की तो दगडासारखा घट्ट होत नाही आणि टाकीत कुणाला उतरवण्याची वेळ येत नाही. जंगल तालुक्यांत गावे विखुरलेली, रस्ते अरुंद. इथे ट्रॅक्टरला जोडलेली लहान टाकी दोन-तीन ग्रामपंचायतींना मिळून चालेल. गाळ वाळवायला उंचवट्यावरची, तलावापासून आणि पाणवठ्यापासून दूर, पोळ्यालाही कोरडी राहणारी जागा लागेल. ती जागा आधी ठरवायची आणि गाडी नंतर घ्यायची, कारण जागा नसताना आलेली गाडी रात्री नाल्याच्या काठावरच रिकामी होते.